गर्दी विकत घेताना

निवडणुकीच्या सभेला ट्रक भरून माणसे आणली जातात, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. माणशी रक्कम ठरते, वर जेवणाचे पाकीट मिळते आणि घोषणा कधी द्यायच्या हेही समजावून दिले जाते. नेत्याला हे ठाऊक असते, माणसे आणणाऱ्याला ठाऊक असते आणि व्यासपीठासमोर उन्हात बसलेल्यांनाही ठाऊक असते. तरीसुद्धा त्या भाडोत्री गर्दीबद्दल एक गोष्ट खात्रीने सांगता येते : ती माणसांची असते. तिला तहान लागते, भाषण लांबले तर ती चुळबूळ करते, आणि मतदानाच्या दिवशी ती स्वतःच्या मनाने मतही देऊ शकते. गेल्या तीस वर्षांत मात्र गर्दीचा एक दुसराच बाजार जगभर उभा राहिला आहे. तिथे लाखाच्या हिशेबाने गर्दी विकली जाते, खरेदीची पावती मिळते, आकडेवारीचे सुबक तक्ते मिळतात. फक्त त्या गर्दीत माणूस असेलच, याची हमी कोणी देत नाही.

हा बाजार इंटरनेटवरील जाहिरातींचा. कोणतीही वेबसाइट उघडली की मजकुराच्या वर, खाली किंवा मध्येच जी चौकोनी चित्रे झळकतात, त्यांना ‘बॅनर’ म्हणतात. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या वेबसाइटवर ‘एटी अँड टी’ या टेलिफोन कंपनीचा बॅनर झळकला. अगदी पहिल्या बॅनरांपैकी एक म्हणून त्याची नोंद होते. तो पाहणाऱ्या शंभरांपैकी ४४ जणांनी त्यावर क्लिक केले, असे सांगितले जाते. नवलाई होती ती. आज शंभरात एकाने जरी बॅनरवर बोट टेकवले तरी जाहिरातदार खूश होतो. बॅनर पाहणाऱ्यांचा आणि त्यावर क्लिक करून येणाऱ्यांचा जो ओघ, त्याला या धंद्यात ‘ट्रॅफिक’ म्हणतात. रस्त्यावरचे ट्रॅफिक कोणालाच नको असते. हे ट्रॅफिक मात्र सगळ्यांना हवे असते. आणि जे सगळ्यांना हवे असते, ते विकायला कोणी ना कोणी निघतोच.

पूर्वी हा मोठ्या कंपन्यांचा प्रश्न होता. आता तो आपल्या घरात आला आहे. २०२०च्या टाळेबंदीनंतर कोकणातला आंबा बागायतदार, घरगुती मसाले करणाऱ्या वहिनी, पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढून ठेवणारे कुटुंब, शिकवणी घेणारे मास्तर अशा कित्येकांनी वेबसाइट काढल्या. वेबसाइट काढली की थोड्याच दिवसांत ई-मेल येऊ लागतात : ‘एक लाख लोक तुमच्या साइटवर आणून देतो.’ किंमत एखाद्या बऱ्या साडीइतकी. पाठवणाऱ्या कंपनीचे नाव पूर्वी कधी ऐकलेले नसते. पत्ता परदेशातला असतो, नाहीतर नसतोच.

मी तीसेक वर्षे बँकेत अधिकारी होतो; आता कादंबऱ्या लिहितो. संगणकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलावे असे माझ्यापाशी काही नाही. परंतु पावती म्हणजे काय, ती कोणी लिहावी आणि कोणी तपासावी, एवढे बँकेने मला शिकवले आहे. आणि या बाजारातला सगळा घोळ पावतीचाच आहे.

मधली माणसे

आधी व्यवहार कसा चालतो ते पाहू. मसाले विकणाऱ्या वहिनींना हजार वेबसाइटवर जाहिरात द्यायची, तर हजार मालकांशी बोलणे त्यांना शक्य नाही. म्हणून मध्ये ‘ॲड नेटवर्क’ असते. त्याने हजारो वेबसाइटवरच्या जागा एकत्र बांधलेल्या असतात. वहिनी पैसे नेटवर्कला देतात, नेटवर्क जाहिरात वाटते आणि आपले कमिशन कापून उरलेले पैसे वेबसाइटवाल्यांना देते. यात गैर काही नाही. मार्केट यार्डातला अडत्या यापेक्षा फार वेगळे काय करतो?

परंतु यार्डात माल डोळ्यांसमोर असतो. कांद्याची गोण फोडून पाहता येते. इथे माल दिसत नाही. शिवाय मधला माणूस एक नसतो. एक नेटवर्क आपल्याकडची मागणी दुसऱ्याला देते, दुसरे तिसऱ्याला. आपली जाहिरात शेवटी कोणाच्या दारात लागली, हे पहिल्या मधल्या माणसालाही बऱ्याचदा माहीत नसते.

गिऱ्हाइकेही दोन प्रकारची असतात. एक वहिनींसारखे, ज्यांना माल विकायचा आहे. दुसरे वेबसाइटचे मालक, ज्यांना आपल्या पानावर जाहिराती लावून पैसे मिळवायचे आहेत. वाचक जास्त तर उत्पन्न जास्त. म्हणून ते बाहेरून ‘वाचक’ विकत आणतात. शंभर रुपयांचे वाचक आणायचे, त्यांना दीडशे रुपयांच्या जाहिराती दाखवायच्या आणि मधले पन्नास खिशात टाकायचे, असा हा हिशेब. अमेरिकेतील ‘असोसिएशन ऑफ नॅशनल ॲडव्हर्टायझर्स’ या जाहिरातदारांच्या संघटनेने ‘व्हाइट ऑप्स’ या सुरक्षा कंपनीच्या मदतीने केलेली एक पाहणी डिसेंबर २०१४मध्ये प्रसिद्ध झाली. ३६ जाहिरातदार तिच्यात सहभागी होते. साध्या बॅनर जाहिरातींच्या ‘प्रेक्षकां’त ११ टक्के यंत्रे निघाली. पण वेबसाइटवाल्यांनी त्रयस्थाकडून विकत आणलेल्या ट्रॅफिकमध्ये हे प्रमाण ५२ टक्के होते. म्हणजे विकत आणलेल्या प्रत्येक शंभर ‘वाचकां’तले निम्म्याहून अधिक वाचक जन्मालाच आलेले नव्हते.

गर्दी तयार कशी होते?

यंत्र माणसाचे सोंग कसे घेते, हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन न्यायालयात चाललेल्या एका खटल्यात तपशिलाने बाहेर आले. अलेक्झांडर झुकोव या रशियन इसमाने ‘मीडिया मिथेन’ नावाचे ॲड नेटवर्क चालवले होते. जाहिराती आम्ही खऱ्या वेबसाइटवर खऱ्या लोकांना दाखवतो, असे ते नेटवर्क सांगे. वस्तुतः सप्टेंबर २०१४ ते डिसेंबर २०१६ या काळात त्याने टेक्सासमधील डॅलस आणि इतर ठिकाणी १,९००हून अधिक संगणक-सर्व्हर भाड्याने घेतले होते. त्या यंत्रांवर पाच हजारांहून अधिक वेबसाइटची खोटी पाने उभी केली जात, आणि तीच यंत्रे ती पाने ‘वाचत’. ही यंत्रे माउस फिरवल्यासारखे करीत, पान खाली सरकवीत, व्हिडिओ मध्येच थांबवून पुन्हा सुरू करीत, फेसबुकवर लॉग-इन असल्याचा देखावा करीत. साडेसहा लाखांहून अधिक आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे घरपत्तेच म्हणा, भाड्याने घेऊन ती यंत्रे घराघरांतले संगणक आहेत असे भासवले होते.

पात्रे निर्माण करणे हा माझा उत्तरायुष्यातला उद्योग. एक पात्र वाचकाला खरे वाटावे म्हणून महिनोन्‌महिने जातात. झुकोवने ती लाखांनी उभी केली, आणि तपासणाऱ्यांना ती खरीही वाटली. त्याने फसवलेल्यांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारखे वृत्तपत्र होते, तसेच टेक्सासमधील लहान मुलांचे एक रुग्णालयही होते. बल्गेरियात त्याला २०१८मध्ये अटक झाली, मे २०२१मध्ये तो दोषी ठरला आणि नोव्हेंबर २०२१मध्ये त्याला दहा वर्षांची कैद झाली.

त्याच सुमाराच्या दुसऱ्या टोळीने भाड्याच्या यंत्रांवर खर्च करण्याऐवजी लोकांचेच संगणक वापरले. ‘थ्री-व्ह’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या जाळ्याने १७ लाखांहून अधिक संगणकांत चोरून आपला प्रोग्रॅम घुसवला होता. घरातली माणसे झोपलेली, आणि त्यांच्याच संगणकावर, पडद्यावर काहीही न दिसता, कोणीतरी जाहिराती पाहत बसलेले. अमेरिकन न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार जाहिरातदारांना यात २ कोटी ९० लाख डॉलरचा फटका बसला. तेव्हा हा प्रश्न केवळ धंदेवाल्यांचा आहे, असे समजायचे कारण नाही. ही बनावट गर्दी तयार करायला कच्चा माल लागतो, आणि कधीकधी तो कच्चा माल आपल्या दिवाणखान्यातला संगणक असतो.

कधी माणसेही कामाला लावतात. जून २०१७मध्ये थायलंडच्या पोलिसांनी कंबोडियाच्या सीमेजवळच्या एका घरावर छापा घातला, तेव्हा तिथे जवळजवळ ५०० मोबाइल फोन आणि तीन लाखांहून अधिक सिमकार्डे सापडली. आपल्याकडचे उदाहरण त्याच वर्षीचे. फेब्रुवारी २०१७मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने नोएडाच्या ‘अब्लेझ इन्फो सोल्युशन्स’ या कंपनीवर कारवाई केली. या कंपनीच्या योजनेत लोकांनी आधी पैसे भरायचे, कमाल ५७,५०० रुपये. मग रोज मोबाइलवर येणाऱ्या लिंकवर क्लिक करायचे आणि दर क्लिकमागे ५ रुपये मिळवायचे. सुमारे सात लाख लोकांकडून ३,७०० कोटी रुपये गोळा झाले, असे पोलिसांनी सांगितले. नव्या सभासदांच्या पैशांतून जुन्यांना पैसे दिले जात होते, असा त्यांचा आरोप. पण घटकाभर गृहीत धरा की, योजना कंपनी सांगत होती तशीच होती. तर मग ज्या दुकानदाराच्या लिंकवर हे क्लिक पडायचे, त्याच्या हाती काय लागणार होते? पाच रुपयांसाठी बोट टेकवून पुढच्या लिंकवर जाणारा माणूस. त्याला ना दुकानाचे नाव आठवणार, ना माल.

रोखे नसलेली पावती

हे सगळे वाचताना मला राहून राहून १९९२ सालची आठवण येते. ज्यांनी तो शेअर घोटाळा पाहिला, त्यांना ‘बँक पावती’ हा शब्द आठवत असेल. बँका आपापसांत सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री करीत. प्रत्यक्ष रोखे हाती यायला वेळ लागे. म्हणून विकणारी बँक पैसे घेऊन एक पावती देई : ‘रोखे मिळताच देऊ.’ मध्ये दलाल असे. व्यवहार विश्वासावर चाले आणि बरीच वर्षे सुरळीत चालला. मग लक्षात आले की, काही पावत्यांच्या मागे रोखेच नव्हते. दोन लहान बँकांची नावे त्यात पुढे आली; त्यांतली एक आपल्या सातारा जिल्ह्यातली ‘बँक ऑफ कराड’. ती अवसायनात निघाली आणि पुढे १९९४मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली. ज्या खातेदारांनी शेअर बाजाराचे तोंडही पाहिले नव्हते, ते आपल्या ठेवींच्या काळजीने बँकेच्या दारात उभे राहिले.

त्या घोटाळ्याचे सार काय? कागद होता, सही होती, आकडा होता. कागदामागची वस्तू आहे की नाही, हे कोणी जाऊन पाहिले नाही. अनोळखी नेटवर्ककडून ट्रॅफिक विकत घेणे म्हणजे हीच गोष्ट नव्याने करणे आहे. तुम्ही दहा हजार रुपये भरता. महिन्याअखेरीस नेटवर्क कळवते : ‘तुमचा बॅनर पाच लाख लोकांना दाखवला, चार हजारांनी क्लिक केले.’ हा आकडा मोजला कोणी? नेटवर्कने. पैसे कोणाला मिळाले? नेटवर्कला. अशा अनेक करारांच्या बारीक अक्षरांत एक कलम असते : वाद झाल्यास नेटवर्कचीच आकडेवारी अंतिम मानली जाईल. बँकेत रोखपालानेच रोकड मोजायची, त्यानेच वही लिहायची आणि तपासणीही त्यानेच करायची, असे कोणी सुचवले असते तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते.

छापील वृत्तपत्रांच्या जगाने हा धडा फार पूर्वी घेतला. खप फुगवून सांगण्याचा मोह प्रकाशकाला होणारच, हे ओळखून जाहिरातदार, जाहिरातसंस्था आणि प्रकाशक यांनी मिळून आपल्या देशात १९४८मध्ये ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ स्थापन केली. अंक किती विकले गेले, हे ठरलेल्या पद्धतीने बाहेरचे लेखापरीक्षक तपासतात. पद्धत निर्दोष असेल असे नाही. पण मोजणारा आणि विकणारा वेगळे असावेत, हे तत्त्व तिने मान्य केले.

इंटरनेटवर हे तत्त्व अजून पुरते रुजलेले नाही. ‘इस्बा’ या ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसी या लेखापरीक्षण संस्थेकडून मोठमोठ्या कंपन्यांचा जाहिरातखर्च तपासून घेतला. मे २०२०मध्ये आलेल्या अहवालात दिसले की, जाहिरातदाराच्या प्रत्येक १०० पौंडांपैकी जेमतेम ५१ पौंड वेबसाइटवाल्यांपर्यंत पोचत होते. बरेचसे पैसे मधल्यांच्या कमिशनात जात. ते एक वेळ समजता येईल. परंतु १५ पौंड कुठे गेले, हे लेखापरीक्षकांनाही सांगता येईना. बँकेच्या शाखेत दिवसअखेर पंधरा रुपये जुळले नाहीत, तर रात्री नऊपर्यंत आम्ही घरी जात नसू. इथे शंभरातले पंधरा जुळत नव्हते. आणि हे मोठ्या, नामांकित कंपन्यांचे, चांगल्या मार्गाने गेलेले पैसे होते. समाधान एवढेच की, हिशेब मागितल्यावर फरक पडला. २०२३मधील दुसऱ्या पाहणीत हा बेपत्ता भाग ३ टक्क्यांवर आला.

पैशापलीकडचे नुकसान

‘फार तर दहा हजार बुडतील’, असे कोणी म्हणेल. तेवढ्यावर भागले तर नशीबच.

आमच्या सोसायटीतली एक सून पाककृतींची मराठी वेबसाइट चालवते. तीन वर्षे तिने नेमाने लिहिले, स्वतः पदार्थ करून फोटो काढले. एका मोठ्या जाहिरात कंपनीच्या जाहिराती तिच्या पानांवर लागत आणि महिन्याला घरच्या वाणसामानाइतके पैसे येत. वाचक वाढावेत म्हणून तिने एका अनोळखी नेटवर्ककडून ट्रॅफिक विकत घेतले. आकडा आठवड्यात दहापट झाला. दोन महिन्यांनी जाहिरात कंपनीने तिचे खाते बंद केले आणि साठलेले पैसेही रोखले. कारण दिले : बनावट भेटी. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघांनी बसून नोंदी पाहिल्या. नव्या पाहुण्यांतले बहुतेक रात्री तीनच्या सुमारास येत, दोन सेकंद थांबत, आणि जिथे मराठी वाचणारी फारशी माणसे असण्याचा संभव नाही अशा देशातून येत.

‘काका, फसवलं त्यांनी मला आणि शिक्षाही मलाच?’ तिने विचारले.

तिचा प्रश्न रास्त होता. पण बँकेच्या खिडकीवर खोटी नोट घेऊन येणारा माणूस बहुधा निरपराधच असतो. नोट मात्र जप्त होते आणि तिचे पैसे त्याला मिळत नाहीत. ज्याने ती छापली तो दूर कुठेतरी असतो. ज्याच्या हातात ती शेवटी सापडते, त्याच्याच पदरी नुकसान येते. तिच्या जाहिरात कंपनीला तिचा हेतू दिसत नव्हता. दिसत होत्या त्या खोट्या भेटी. तीन वर्षांच्या मेहनतीची पत दोन महिन्यांत गेली.

दुसरे नुकसान हिशेबाचे. बनावट पाहुणे आले की आपलीच वही खोटे बोलू लागते. कोणता पदार्थ लोकांना आवडतो, कोणत्या गावातून मागणी येते, कोणती जाहिरात चालते, हे सगळे निष्कर्ष बिघडतात. आजकाल जाहिरात कोणाला दाखवायची हे यंत्रेच शिकून ठरवतात. त्यांना खोट्या गिऱ्हाइकांची चटक लागली की ती आणखी तशीच गिऱ्हाइके शोधत बसतात.

तिसरे नुकसान वाचकाचे, आणि ते सर्वांत वाईट. नेटवर्कची जाहिरात लावायची म्हणजे त्याने दिलेल्या प्रोग्रॅमच्या चार ओळी आपल्या वेबसाइटमध्ये ठेवायच्या. म्हणजे घराची किल्लीच दिली म्हणायची. सप्टेंबर २००९मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वेबसाइटला याचा अनुभव आला. एका नामांकित टेलिफोन कंपनीचे नाव सांगून कोणीतरी जाहिरात दिली. आठवडाभर साधी, सभ्य जाहिरात दिसत राहिली. शनिवार-रविवार गाठून ती बदलली आणि वाचकांच्या पडद्यावर इशारे झळकू लागले : तुमच्या संगणकात व्हायरस आहे, आमचे औषध घ्या. ते औषध हेच विष होते. एवढ्या मोठ्या वृत्तपत्राची ही गत, तर घरच्या घरी वेबसाइट चालवणाऱ्याने अनोळखी माणसाच्या चार ओळी आपल्या पानात चिकटवताना किती विचार करायला हवा?

मोठे नाव पुरेसे आहे का?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गैरलागू नाही. आजचे प्रत्येक मोठे नेटवर्क कधीतरी अनोळखीच होते. सगळे नवे लोक लबाड नसतात. उलट, मोठ्या बाजारांतही खोटा माल खपतो. लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने २०१७मध्ये तपास केला तेव्हा जाहिरातींच्या जागा विकणाऱ्या अनेक बाजारांत आपल्याच नावाने खोट्या जागा विकल्या जात असल्याचे त्याला आढळले. त्या खोट्या मालाची किंमत महिन्याला १० लाख पौंडांच्या घरात असल्याचा त्याचा अंदाज होता. तो पैसा ना त्या वृत्तपत्राला मिळाला, ना त्याच्या वाचकाला जाहिरात दिसली. बातमीसाठी वार्ताहर पाठवणाऱ्या, लेखकाला मानधन देणाऱ्या वृत्तपत्राच्या वाट्याचे उत्पन्न असे रिकाम्या पानांकडे वळते.

तेव्हा ओळखीचे नाव म्हणजे हमी नव्हे, आणि अनोळखी नाव म्हणजे गुन्हा नव्हे. मग ‘अनोळखी’ म्हणजे काय? जुन्या काळी बँकेत खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागे. २००२मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘ग्राहकाला ओळखा’ असे नियमच घालून दिले. त्यामागचा हेतू साधा होता : उद्या काही बिनसले, तर कोणाचे दार ठोठवायचे हे माहीत असावे. ज्या नेटवर्कचे दार ठोठवता येत नाही, ते अनोळखी. मग त्याची वेबसाइट कितीही देखणी असो.

हाच न्याय लावला तर घरगुती धंदेवाल्याला करता येण्यासारखे बरेच आहे, आणि त्याला फार शिक्षण लागत नाही. पैसे देण्याआधी कंपनीचा पत्ता, नोंदणी, आणि ती भारतातील असेल तर जीएसटी क्रमांक मागावा. आगाऊ रक्कम फक्त आभासी चलनात मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. ते पैसे परत येत नसतात. जाहिरात कोणकोणत्या वेबसाइटवर लागणार त्यांची यादी मागावी. ‘ते गुपित आहे’ असे उत्तर आले, तर तेच उत्तर समजावे. यादीत मोठ्या वेबसाइटची नावे असतील, तर त्या वेबसाइटच्या पत्त्यापुढे ‘/ॲड्स.टीएक्सटी’ हे इंग्रजी अक्षरांत लिहून पाहावे. २०१७पासून अनेक प्रकाशक आपल्या जागा विकायचा अधिकार कोणाला दिला आहे याची यादी तिथे उघड ठेवतात. दुकानदार पाटी लावतो ना, ‘आमची अन्यत्र शाखा नाही’, तशातलाच हा प्रकार.

पहिली खरेदी लहान असावी, आणि मोजणी आपली असावी. प्रत्येक जाहिरातीसाठी वेगळी लिंक ठेवली, की कोण कुठून आला हे आपल्या वहीत दिसते. किती आले याच्याऐवजी किती वेळ थांबले, कोणत्या वेळी आले, कोणत्या गावचे होते, कितींनी फोन केला आणि कितींनी माल घेतला, हे पाहावे. यंत्र क्लिक करते; मसाल्याच्या पाकिटाचे पैसे भरत नाही. नेटवर्कने दिलेला प्रोग्रॅम जाणकाराला दाखवल्याशिवाय आपल्या पानात घालू नये. आणि फसवणूक झालीच, तर गप्प बसू नये; केंद्र सरकारची सायबर गुन्ह्यांसाठीची १९३० क्रमांकाची मदतवाहिनी आहे, तिथे लगेच कळवावे. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

एवढी चौकशी करण्याइतका वेळ कोणाला आहे, असे वाटेल. त्यावर एका बँकेचीच हकिगत सांगतो. अमेरिकेतील जेपी मॉर्गन चेस ही बँक २०१७च्या सुमारास महिन्याला तब्बल ४ लाख वेबसाइटवर जाहिराती देत होती. बँकेने तपासले, तेव्हा त्यांतल्या फक्त १२ हजार वेबसाइटवर जाहिरात दिसण्यापलीकडे काही घडत होते. मग बँकेने यंत्रावर न विसंबता एका उमेदवार कर्मचाऱ्याला बसवले. त्याने एकेक वेबसाइट उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. १२ हजारांतल्या ७ हजार अशा निघाल्या की, तिथे आपले नाव दिसावे असे बँकेला वाटेना. उरल्या ५ हजार. ४ लाखांवरून ५ हजारांवर आल्यानंतर बँकेच्या धंद्यात किती घट झाली? काहीच नाही. निकाल जवळजवळ होते तसेच राहिले.

जगातल्या अतिशय मोठ्या बँकेला जे काम एका शिकाऊ माणसाच्या डोळ्यांकडून करून घ्यावे लागले, ते मसाल्याच्या पाकिटांवर धंदा करणाऱ्या वहिनींना पोराबाळांच्या मदतीने एका रविवारी दुपारी करता येईल. त्यांना ४ लाख वेबसाइट पाहायच्या नाहीत. वीस-पंचवीस पाहायच्या आहेत. कदाचित त्यातून त्यांच्या हाती लाखभर पाहुण्यांऐवजी चाळीस गिऱ्हाइके लागतील. पण त्या चाळिसांची नावे त्यांच्या वहीत असतील, आणि त्यांतली काही दिवाळीच्या आधी पुन्हा फोन करतील.